परत आल्यावर हातात खोडरबर नसतं

एक्सकॅलिड्रॉच्या कोडमध्ये एक लांबलचक तक्ता आहे. दिसायला रुक्ष. डावीकडे एकाखाली एक नावं, प्रत्येक नावापुढे तीन खाने आणि प्रत्येक खान्यात हो किंवा नाही. आवडीने वाचायला घ्यावा असं वरकरणी त्यात काही नाही. प्रोग्रामर मंडळीसुद्धा नवीन सोय जोडायची असेल तेव्हाच तिकडे वळतात, आपली एक ओळ घालतात आणि निघून जातात. मला मात्र हा तक्ता ओळीओळीवर थांबून वाचण्याच्या योग्यतेचा वाटतो. ॲप मध्येच बंद पडलं आणि पुन्हा उघडलं, तर काय आठवायचं आणि काय विसरायचं याचा निवाडा त्या हो-नाहींमध्ये केलेला आहे. आठवण ठेवणारी ॲपं आता पुष्कळ झाली. विचार करून विसरणारी अजून थोडीच आहेत.

ज्यांनी एक्सकॅलिड्रॉ वापरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. ब्राउझरमध्ये उघडणारा हा पांढरा फळा आहे. त्यावर चौकोन, बाण, अक्षरं काढावीत. रेषा मुद्दाम हाताने ओढल्यासारख्या थरथरत्या दिसतात. फेसबुकमध्ये काम करणाऱ्या आणि रिॲक्ट नेटिव्हच्या जन्मात वाटा असणाऱ्या ख्रिस्तोफर शेदो यांनी जानेवारी २०२० मध्ये तो सुरू केला. कोड पहिल्यापासून खुला, त्यामुळे पुढे अनेकांचे हात त्याला लागले. खातं उघडावं लागत नाही, आणि काढलेलं जपण्यासाठी कुठलं बटणही दाबावं लागत नाही. फोनवर उघडा, दोन बाण काढा, मध्येच फोन खिशात टाका. संध्याकाळी परत उघडलंत तर बाण जागच्या जागी असतात. वापरणाऱ्याला यात काही विशेष घडल्यासारखं वाटत नाही, पण पडद्यामागची मेहनत मोठी आहे.

कारण फोनवर वेब ॲपचं मरण फार स्वस्त असतं. कॉम्प्युटरवर टॅब बंद होतो तो बहुधा आपणच बंद केला म्हणून. फोनवर आपण काहीच केलेलं नसतं. व्हॉट्सॲपवर एक निरोप वाचला, कॅमेरा उघडून एक फोटो काढला, परत आलो, तर पान पांढरंफटक होऊन पहिल्यापासून लोड होतंय. मधल्या वेळात मेमरी अपुरी पडली आणि सिस्टीमने मागे पडलेला ब्राउझर किंवा त्यातला टॅब मारून टाकला. अँड्रॉइडमध्ये हे काम करणाऱ्याचं नाव सरळच आहे, लो मेमरी किलर. आयफोनमध्ये त्याला जेटसम म्हणतात. बुडू लागलेल्या जहाजावरून फेकून दिलेला माल. दोघेही पानाला आधी सांगत नाहीत. ऑनलाइन अर्ज भरताना 'फोटो जोडा' दाबलं, कॅमेरा उघडला आणि परतल्यावर नाव-पत्त्यासकट सगळा फॉर्म कोरा झाला, हे स्वस्तातल्या फोनवर अर्ज भरणाऱ्या महाराष्ट्रातल्या कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही. कॅमेऱ्याला जागा हवी होती आणि ती फॉर्मच्या जागेतून काढून दिली गेली, एवढंच तिथे झालेलं असतं.

म्हणजे पहिला प्रश्न 'कधी' हा. जपून ठेवायचं ते कोणत्या क्षणी? जुन्या वेबचं उत्तर होतं: निघताना. पान सोडून जाताना ब्राउझर 'अनलोड' नावाची हाक देई, तेव्हा आवराआवर करायची. फोनवर ही हाक येईलच याची खात्री नाही. माणूस होम स्क्रीनवर जातो, तिथून दुसऱ्या ॲपमध्ये रमतो, आणि पान केव्हातरी मागच्या मागे संपतं. शेवटचा भरवशाचा क्षण एकच उरतो: पान नजरेआड झालं, ही सूचना. तिला 'व्हिझिबिलिटी चेंज' म्हणतात. त्यानंतर पुढची सूचना मिळेलच असं धरून चालता येत नाही. २०१८ मध्ये क्रोमच्या ६८व्या आवृत्तीने पानाच्या या अवस्थांना रीतसर नावं दिली, गोठलेलं, टाकून दिलेलं वगैरे, आणि नव्याने लोड झालेल्या पानाला 'मागच्या वेळी तुला टाकून दिलं होतं का' हे विचारायची सोयही केली. सोय उपयोगाची आहे, पण उत्तर मिळतं ते दुसऱ्या जन्मात.

एक्सकॅलिड्रॉने निघतानाच्या हाकेवर भिस्त ठेवलेली नाही. फळ्यावर काहीही बदललं की ३०० मिलिसेकंदांचं घड्याळ लागतं. तेवढ्यात आणखी काही बदललं तर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. बोट थांबलं आणि सेकंदाचा साधारण तिसरा हिस्सा उलटला, की चित्र ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये उतरतं. जुन्या विम एडिटरचा हिशेब इथे आठवतो: २०० अक्षरं टाइप झाली किंवा चार सेकंद हात थांबला, की स्वॅप फाइल लिहायची. विमचा हा नेम कॉम्प्युटरपुढे बसण्याच्या काळातला आहे. फोनवर चार सेकंद ही चैन झाली. तेवढ्या वेळात माणूस ॲप बदलून, उत्तर पाठवून मोकळाही झालेला असतो.

पण ३०० मिलिसेकंदांतही बोट उचलून ॲप बदलता येतं. म्हणून पान नजरेआड होताच, किंवा खिडकीवरून लक्ष हटताच, घड्याळ पूर्ण व्हायची वाट न बघता रांगेत असलेलं लिखाण ताबडतोब उरकलं जातं. इथवर कुणीही शहाणा प्रोग्रामर पोचेल. मला थांबवलं ते पुढच्या बारकाव्याने. सेव्ह करायच्या फंक्शनच्या दारातच एक तपासणी आहे: पान नजरेआड आहे का, किंवा सेव्ह करणं मुद्दाम थांबवलेलं आहे का? तसं असेल तर रांगेत शिरूच द्यायचं नाही. वर टिपेत बजावलंय, की ही तपासणी जागच्या जागी व्हायला हवी, घड्याळाच्या पलीकडे नाही. का, ते टीप सांगत नाही. ते आपण लावून घ्यायचं. मी लावतो तो अर्थ असा: हीच तपासणी रांगेतून बाहेर पडताना ठेवली असती, तर नजरेआड होण्याच्या क्षणी घाईने उरकलेलं लिखाण तिथेच अडलं असतं, कारण त्या क्षणी पान नजरेआड झालेलंच असतं. जी रेघ वाचवायला एवढी धावपळ केली नेमकी तीच बुडाली असती. आत येताना तपासलं म्हणून पडदा पडायच्या आधी ओढलेली रेघ आत आली आणि वाचली, आणि पडदा पडल्यानंतरची लुडबूड बाहेर राहिली. एका 'इफ'ची जागा एवढं काम करते.

आणखी एक क्रम बघण्यासारखा आहे. चित्राचा मजकूर, म्हणजे कुठला चौकोन कुठे, कुठल्या रंगाचा, हा लोकल स्टोरेजमध्ये जातो. फळ्यावर चिकटवलेले फोटो इंडेक्स्डडीबी या दुसऱ्या कोठारात. लोकल स्टोरेज जुनं, संकुचित, साधारण पाच एमबीचं, त्यात फक्त अक्षरांची माळ ठेवता येते आणि ठेवेपर्यंत बाकी सगळं खोळंबून राहतं. हा खोळंबा एरवी दोष म्हणून शिकवला जातो. अखेरच्या क्षणी तोच कामाला येतो, कारण लिहायचा हुकूम सुटला की ते संपवूनच पुढची ओळ चालते. इंडेक्स्डडीबी ऐसपैस आहे, पण ते 'लिहितो, झालं की कळवतो' म्हणतं, आणि कळवण्याआधी पान गेलं तर गेलं. म्हणून आधी हलका मजकूर, त्याच्या मागून जड फोटो. फोटो अजून पोचले नसतील आणि माणूस टॅब बंद करू लागला, तर तेवढ्यापुरती 'खरंच जाताय का' अशी विचारणा होते. एरवी सहसा नाही. जाणाऱ्याला दर वेळी दारात अडवणारी संकेतस्थळं आठवली की हा संयम डोळ्यांत भरतो.

आता तक्त्याकडे येतो.

त्याचे तीन खाने म्हणजे तीन ठिकाणं: याच ब्राउझरमध्ये ठेवायचं का, फाइल म्हणून बाहेर काढताना बरोबर द्यायचं का, सर्व्हरवर पाठवायचं का. ॲपच्या मनात ज्या ज्या गोष्टी असतात त्या प्रत्येकीला या तीन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. टाइपस्क्रिप्टचा पेच असा आवळलेला आहे, की ॲपच्या स्टेटमध्ये नवी गोष्ट आणली आणि तक्त्यात तिची ओळ घातली नाही, तर कोड तपासणीतच अडतो. नवी सोय जोडणाऱ्याला 'हे आठवायचं का' या प्रश्नाला बगल देता येत नाही. पुष्कळ ॲपांत हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो. जे लक्षात राहिलं ते राहिलं, बाकी वाऱ्यावर.

उत्तरं वाचत गेलं की हळूहळू एक वर्गवारी दिसू लागते. फळ्याच्या पार्श्वभूमीचा रंग: तिन्ही खान्यांत हो. मागची जाळी: तिन्हींत हो. म्हणजे हे चित्राचं. चित्र जिथे जाईल तिथे हे जाणार. झूम किती, फळा कुठे सरकवलेला: ब्राउझरला हो, बाकी दोन्हींना नाही. हे चित्राचं नाही, बघणाऱ्याचं. मी कोपऱ्यातल्या एका बाणावर वाकून बसलो होतो, ते फाइल उघडणाऱ्या दुसऱ्या माणसाने का सोसायचं? पण मी स्वतः परत आलो तर मला तो कोपरा तसाच समोर हवा. सध्या निवडलेला रेघेचा रंग, हातातलं हत्यार, निवडलेले आकार: हेही असंच, ब्राउझरपुरतं हो. निवडलेला आकार परत आल्यावर निवडलेलाच सापडतो, हे मला खास वाटतं. काम कुठे थांबलं होतं हे लाल अक्षरांत न लिहिता, खुणेचा कागद न ठेवता, आकाराभोवतीच्या चौकटीने सांगितलं जातं.

आणि मग तिन्ही खान्यांत नाही असलेल्या ओळी. इथे तक्ता खरा रंगतो. आकार मोठा-लहान होतोय का: नाही. फिरवला जातोय का: नाही. निवडण्यासाठी ओढलेला तुटक रेषांचा चौकोन: नाही. दाबून धरल्यावर उघडलेली यादी: नाही. खाली क्षणभर झळकलेली सूचना: नाही. हातवाऱ्याच्या मध्यावर जे जे होतं ते सगळं सोडून दिलेलं. मैफलीत वीज गेली, माइक बंद पडला आणि पाच मिनिटांनी सगळं परत सुरू झालं, तर जाणता गवई तान जिथे तुटली तिथून तिला गाठ मारत बसत नाही. मुखडा घेतो, समेवर येतो आणि पुढे निघतो. राग तोच, लय तीच, अर्धी तान तेवढी सोडलेली. आपण ओळखतो की गाणं हरवलेलं नाही. तक्त्यातले नकार मला याच जातीचे वाटतात. अर्धवट फिरवलेला चौकोन फिरवण्याच्या अवस्थेत परत आणला असता तर तो कुठल्या बोटाची वाट बघत बसला असता? बोट केव्हाच उचललं गेलंय.

पडद्याची रुंदी आणि उंची यांनाही नाही आहे. साधी गोष्ट, पण फोनवर ती महत्त्वाची ठरते. जाताना फोन आडवा होता, येताना उभा. मधल्या काळात माणसाने फोन टॅबलेटएवढा उलगडलाही असेल. जगाकडून आत्ता विचारून घेता येतं ते जुन्या वहीतून काढू नये, हा विवेक त्या ओळींत आहे. आपल्याबरोबर चित्र काढणाऱ्यांची यादीही अशीच, तिन्हींत नाही. तुम्ही गेलात तेव्हा फळ्यावर तिघं होते, परत आलात तेव्हा कोण आहे हे नव्याने बघायचं. आठवणीतून माणसं उभी केली तर त्यांच्या कर्सरचे बाण फळ्यावर भुतांसारखे थिजून राहतील.

चुकीचा संदेश, म्हणजे 'काहीतरी बिघडलं' हा निरोप, त्यालाही नाही. ही ओळ वाचून पुढे जाणं सोपं आहे. पण ज्याने इमानेइतबारे सगळं परत आणणारी ॲपं पाहिली आहेत त्याला तिची किंमत कळेल. सगळं परत आणलं की बिघाडाचं कारणही परत येतं. ॲप कोसळतं, उघडतं, नेमक्या त्याच अवस्थेत जातं, पुन्हा कोसळतं. फायरफॉक्सने २००६ साली दुसऱ्या आवृत्तीत सेशन रिस्टोअर आणलं. पुढे त्यातही ही सावधगिरी आली, की ब्राउझर लागोपाठ कोसळू लागला तर टॅब आपणहून उघडायचे नाहीत, यादी समोर ठेवायची आणि कुठले हवेत ते विचारायचं.

तक्त्यात न दिसणारी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. फळ्यावर मजकूर टाइप करत असताना पान गेलं तर? 'सध्या कुठला मजकूर संपादित होतोय' या ओळीला तिन्हींत नाही आहे. वाचून छातीत धस्स होतं: म्हणजे टाइप केलेलं गेलं? नाही. प्रत्येक अक्षरागणिक तो मजकूर चित्रातल्या आकारात उतरत असतो, आणि आकार तर जपले जातातच. परतल्यावर शब्द जागेवर असतात. लुकलुकणारा कर्सर आणि उघडलेला कीबोर्ड तेवढे नसतात. केलेलं काम राहिलं, करण्याची क्रिया गेली. सगळ्या तक्त्याचं सार एका उदाहरणात काढा म्हटलं तर मी हे काढेन.

ठेवणं झालं, आता परत आणणं. त्याची वेगळी फाइल आहे आणि तिचा स्वभाव संशयी आहे. कोठारातून निघालेली वस्तू आपणच ठेवली होती, तरी ती जशीच्या तशी घ्यायची नाही. प्रत्येक नावासाठी क्रम ठरलेला: आलेल्या डेटात किंमत असेल तर ती, नसेल तर ब्राउझरमध्ये ठेवलेली, तीही नसेल तर मूळची. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी ठेवलेल्या चित्रात आजच्या सोयींची नावं नसली तरी अडत नाही. फार जुन्या चित्रांत 'ड्रॉ' नावाचा एक प्रकार होता, तो आता नाही; तसा आकार आला की त्याला मुकाट्याने 'लाइन' म्हणून आत घेतलं जातं. डोळ्यांना दिसणारच नाहीत इतके बारीक आकार, बोट चुकून टेकल्यामुळे उमटलेले, ते गाळले जातात. फोनवर असे ठिपके किती पडतात हे सांगायला नको. म्हणजे परत येण्याच्या वाटेवर चित्र झटकूनही निघतं.

आणि याच फाइलीत माझी सर्वांत आवडती ओळ आहे. तक्ता म्हणतो की हातातलं हत्यार आठवायचं. परत आणणारी फाइल ते हत्यार बघते आणि एका छोट्या यादीशी ताडून घेते: चौकोन चालेल, बाण चालेल, अक्षरं चालतील, फळा सरकवणारा हातसुद्धा चालेल. खोडरबर चालणार नाही. लेझरचा ठिपकाही नाही. तुम्ही खोडताखोडता गेला असाल, तर परत आल्यावर हातात निवडीचं साधं हत्यार येतं. कल्पना करा, सकाळी खोडरबर घेतलेला फोन संध्याकाळी खिशातून बाहेर निघतो, चित्र समोर येतं, आणि माणूस सवयीने फळा सरकवायला बोट टेकवतो. खोडरबर तसंच हातात असतं तर पहिल्याच स्पर्शाला सकाळची मेहनत पुसली जायला लागली असती. आठवण तंतोतंत ठरली असती आणि नुकसान तिनेच केलं असतं. हे ज्याला सुचलं त्याने कोडपेक्षा बोटाचा विचार जास्त केला असणार. त्याच्या शेजारीच, कर्सरचं बटण दाबलेलं होतं की उचललेलं याचा पुरावा मिळाला नाही तर 'उचललेलं' समजायचं, अशीही तरतूद आहे.

जॉर्ज कँडिया आणि अर्मांडो फॉक्स यांनी २००३ मध्ये एक निबंध मांडला होता, क्रॅश-ओन्ली सॉफ्टवेअर नावाचा. त्यांचं म्हणणं असं, की नीट बंद करणं आणि कोसळणं असे दोन रस्ते ठेवूच नका. थांबवायचं ते मारूनच थांबवा, आणि सुरू करायचं ते नेहमी सावरण्याच्याच रस्त्याने. मग सावरण्याचा रस्ता रोज वहिवाटीत राहतो, वर्षातून एकदा उघडणाऱ्या दारासारखा गंजत नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे मोठाले सर्व्हर होते. एक्सकॅलिड्रॉमध्ये मात्र तो विचार खिशातल्या फोनवर उतरलेला दिसतो. इथे 'अपघातानंतर उघडणं' म्हणून वेगळं काही नाही. पान दर वेळी एकाच पद्धतीने उघडतं, मग मागच्या वेळी तुम्ही ते शांतपणे बंद केलं असो की जेटसमने समुद्रात लोटलं असो. म्हणूनच 'मागचं काम परत आणू का?' ही पाटी कधी येत नाही. विमची ती प्रसिद्ध पाटी, स्वॅप फाइल आधीच अस्तित्वात आहे म्हणून पाच-सहा पर्याय पुढे टाकणारी, नवशिक्याला जी धडकी भरवते, ती इथे नाही.

दोन टॅबांचा मामलाही असाच बिनबोभाट. तोच फळा दोन ठिकाणी उघडा असेल तर प्रत्येक लिखाणाबरोबर आवृत्तीची एक वेळ नोंदली जाते. टॅबवर परत आलात की तो आपली वेळ आणि कोठारातली वेळ ताडतो, आणि कोठारातली नवी असेल तरच तिथलं चित्र घेतो. यावर जास्त लिहिण्यासारखं नाही, ते चालतं.

दोष नाहीत असं नाही. मी वाचलेल्या आवृत्तीत 'अनलोड'ची जुनी हाकही ऐकायला ठेवलेली आहे. फोनवर तिचा भरवसा नाही, आणि कॉम्प्युटरवर तिच्यामुळे मागे-पुढे जाताना पान तयार ठेवण्याची ब्राउझरची सोय हुकू शकते. बाकीच्या रचनेत ती ओळ उपरी वाटते. अनडूचा इतिहास जपला जात नाही. परतल्यावर चित्र असतं, पण दोन पावलं मागे जाता येत नाही. इतिहास ठेवला तर कोठार फुगेल आणि जुन्या बदलांना नव्या कोडमध्ये जागा मिळेलच असं नाही, हे समजतं. तरी पान आपण न मागता गेलं असेल तेव्हा ही उणीव टोचते. आणि एक दोष कोडच्या हाताबाहेरचा: २०२० पासून सफारी, ज्या संकेतस्थळाला तुम्ही ब्राउझर वापरूनही सात दिवस हात लावला नाही, त्याची अशी सगळी साठवण पुसून टाकते. होम स्क्रीनवर बसवलेल्या ॲपला ही कुऱ्हाड लागत नाही. आयफोनवर फळा ठेवायचा तर तो होम स्क्रीनवर बसवावा, हे ॲपने अधिक ठळकपणे सांगायला हरकत नव्हती.

पण सगळंच फसलं तर काय, याचाही विचार झालेला आहे. ॲप सावरण्यापलीकडे कोसळलं तर एक साधं पान येतं. ते आधी पुन्हा लोड करायला सांगतं. त्याने जमलं नाही तर फळा रिकामा करायचा पर्याय देतं, आणि त्यात काम जाईल हे तिथेच स्पष्ट सांगतं. खाली एक चौकट असते. तिच्यात कोठारात जे काही आहे ते कच्च्या अक्षरांत ओतलेलं असतं. चौकटीला बोट लावलं की सगळा मजकूर आपोआप निवडला जातो, फक्त कॉपी करायचं. चित्र दाखवता येत नाही, तर चित्राचं बियाणं तुमच्या हाती देतो, घेऊन जा. निवडण्यासाठी फोनवर त्या अक्षरांच्या ढिगात बोट दाबून ओढत बसावं लागू नये, एवढीही काळजी त्या घटकेला कुणीतरी घेतली.

शेवटी सहकाराच्या खोलीचं. दुवा पाठवून चारजणांना फळ्यावर बोलावलं की स्थानिक सेव्ह करणं मुद्दाम थांबवलं जातं. दारातल्या त्या तपासणीचा दुसरा भाग हाच. खोलीतलं चित्र सगळ्यांचं, ते कूटबद्ध होऊन सर्व्हरकडे जातं. तुमच्या फोनमध्ये आधी जे तुमचं होतं ते त्याच्याखाली चिरडलं जाऊ नये म्हणून कोठाराला तेवढ्या वेळेपुरतं कुलूप. पेच येतो खोली सोडताना. खोलीतलं चित्र ठेवायचं तर जुनं स्थानिक चित्र जाणार. तिथे मात्र ॲप विचारतं: सत्र थांबवलंत तर आधीच्या चित्रावर हे लिहिलं जाईल, नक्की का? आणि पुढे कंसात एक सल्ला देतं. आपलं आधीचं चित्र हवं असेल तर काही दाबू नका, टॅब सरळ बंद करून टाका.